मातीवरचा सगळ्यात मोठा कोण

कपाशीची शेवटची वेचणी उरकते, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाला लागतात, पहाटेच्या गारठ्यानं केळीच्या पानांना चरका बसून ती कडेनं पिवळी पडू लागतात, तेव्हा वसंताचा फोन येतो. वसंता माझा कॉलेजपासूनचा मित्र. नशिराबादच्या पुढे त्याची केळी आहे.

"सुऱ्या, वांगे आले बरं का. रविवारी ये. मुकुंदालेही सांगितलं हाये. यंदा भांडण लवकर सुरू करू, मागच्या खेपेले भरीत थंड झालं."

भरीत थंड होण्याचं कारण दरवर्षी एकच असतं. मातीवर मोटरसायकल पळवणाऱ्यांमध्ये आजवरचा सगळ्यात मोठा कोण, हा आमचा वाद. डांबरावरचे आम्ही मोजत नाही. डांबरावर कुणीही पळवतो, असं आमचं मत आहे, आणि ज्याला ते पटत नाही त्याला आम्ही भरीत वाढत नाही.

या वादाची जागाही ठरलेली, वसंताचं खळं. पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी-पांढरी वांगी भाजली जात असतात. त्यांची साल फुटून रस जाळात पडतो आणि चर्र आवाज येतो. मग सोललेली वांगी, मिरची, लसूण, सगळं लाकडाच्या लांबट बडजीत घालून वसंता बडवायला बसतो. त्याच्या प्रत्येक घावाबरोबर एकेक मुद्दा पडतो. मुकुंदा दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला. त्याचा माणूस युरोपातला. चिखलावर, वाळूवर, उड्यांवर ज्यानं जगज्जेतेपदं गोळा केली तो. मुकुंदा मोबाइल काढून दाखवतो, गोरा माणूस दहा-पंधरा फूट हवेत आहे आणि हवेतच गाडी आडवी करतोय.

"हवेत काय पाह्यतो त्याले?" वसंता म्हणतो. "मातीवरचा मोठा कोण ते बोल. हवेतला नको."

वसंताचा माणूस वाळवंटातला. दिवसचे दिवस एकटा, रस्ता नाही, माणूस नाही, समोर फक्त नकाशाची गुंडाळी. "तो चुकला तर त्याले विचारालेही कोणी नाही. आपण भुसावळच्या रस्त्यावर चुकलो तरी तीन जण सांगाले येतात, आणि तिघंही चुकीचं सांगतात."

मग दोघं माझ्याकडे बघतात. मी काय म्हणणार हे त्यांना ठाऊक असतं. मी म्हणतो, गोकुळ.

"झालं," मुकुंदा म्हणतो. "लावला याने भोंगा."

गोकुळ कुणी जगज्जेता नाही. धुळ्याला पांझरेच्या काठी त्याचं गॅरेज आहे. पण एका हिवाळ्यात खान्देशातल्या मातीवर त्याच्यापुढे कुणी गेलं नाही, आणि त्या सगळ्या हिवाळ्यात माइकवर मी होतो.

तो हिवाळा आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. कुणी जुनी टू-स्ट्रोक गाडी चालू केली, तिचा निळसर धूर नाकाशी आला, की तो माझ्या पुढ्यात येऊन उभा राहतो. आम्ही विशीतले. कपाशी निघालेली, रानं मोकळी, पोरांच्या हातात मोकळा वेळ. कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, पण त्या वर्षी गावोगाव गाड्यांच्या शर्यती भरल्या. नांगरलेल्या रानात ट्रॅक आखायचा, टँकरनं पाणी मारायचं, चढाला मुरूम टाकायचा. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाड्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये उघड्या पडायच्या. सायलेन्सर कापायचा, पुढचा मडगार्ड उचलून बांधायचा, कारण आमची काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यात अशी ठासून बसते की गाडी उभ्या जागी अडते. मडगार्डच्या आतून जळकं ऑइल फासायचं.

आणि वळणांवर केळीचे खांब. मोठ्या शहरात टायर रचतात, गवताचे भारे ठेवतात. आमच्याकडे घड कापून झाल्यावर केळीचे खांब फुकट. ते तोडून वळणाच्या बाहेरच्या अंगाला आडवे रचायचे. खांब मऊ, पाण्यानं भरलेला. त्यात आदळलेला माणूस वाचायचा, पण न्हाऊन निघायचा. आणि केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की जन्माचा. त्या हिवाळ्यात ज्याच्या शर्टावर तपकिरी डाग जास्त, तो जास्त वेळा पडलेला, हे साऱ्या जिल्ह्याला न सांगता कळायचं. मुली डाग मोजतात, असंही पोरं म्हणायची. कुणी मोजले होते असं मला वाटत नाही.

गोकुळच्या शर्टावर डाग नव्हता. तो धुळ्याहून गाडी चालवतच यायचा, शर्यत जिंकायचा आणि त्याच गाडीवर परत जायचा. बारीक अंगाचा, अहिराणी बोलणारा, फारसा न बोलणारा. त्याच्या वाटचं सगळं मी बोलायचो.

माझा आवाज बरा होता. कबड्डीच्या सामन्यांना मी बोलायचो, त्यावरून मला इकडे ओढलं. बैलगाडीवर उभा राहायचो, हातात माइक, बाभळीला बांधलेला भोंगा. पहिल्याच शर्यतीत मला एक गोष्ट कळली. बैलगाडीवरून ट्रॅकचा अलीकडचा भाग दिसतो. पलीकडचा दिसत नाही. एकदा गाड्या पलीकडच्या वळणावर गेल्या की उरते फक्त धूळ. टँकर आला नसेल तर धुळीची भिंतच. आणि लोक माझ्याकडे बघतायत. गप्प कसा राहणार?

मी बोललो. "गोकुळनं आतून गाडी घातली! दोघांच्या मधून! अरे हा माणूस आहे का पांझरेचं वारं!" गाड्या धुळीतून बाहेर आल्या तेव्हा गोकुळ खरोखरच पुढे होता. तो कसा पुढे आला ते मला माहीत नव्हतं. आतून आला, बाहेरून आला, की पुढचा पडला म्हणून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मी सांगितलेल्या गोष्टीला.

त्यानंतर मला सवय लागली. धूळ जितकी दाट तितकं माझं बोलणं चांगलं. पांझरेचं वारं हे नाव जळगावपासून शिरपूरपर्यंत गेलं. चहाच्या टपरीवर लोक मला माझ्याच गोष्टी सांगायचे, मी न पाहिलेल्या, आणि मी मान हलवायचो. कधीकधी मला खरंच वाटायचं की ते मी पाहिलंय.

गोकुळनं सुद्धा ते ऐकलंच की. भोंग्याचा आवाज रायडरलाही येतो.

हिवाळा संपता संपता आम्ही त्याला पुण्याच्या शर्यतीला नेलं. आम्ही म्हणजे मीच. तो तयार नव्हता. मी म्हणालो, तुझ्यापुढे तिथं कोण टिकणार? तिथं खास मातीसाठी बनवलेल्या गाड्या होत्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली मुलं होती, जी लहानपणापासून हेच करत आली होती. माइक दुसऱ्या कुणाकडे होता. त्यानं गोकुळचं नाव दोनदा घेतलं, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, मागं पडलेल्यांत, आणि दोन्ही वेळा चुकीचं घेतलं.

परतीच्या एसटीत गोकुळ खिडकीशी बसला होता, गाडी टपावर बांधलेली. चाळीसगावच्या अलीकडे कधीतरी तो म्हणाला, "तू सांगस ना, त्या गोकुळले मी तठे धुंडत व्हतू. तो उनाच नई."

आलाच नाही, हे तो हसत म्हणाला. मीही हसलो. पण त्याचं हसणं लगेच थांबलं, माझं थांबेना, एवढं मला आठवतं. त्यानं पुढं शर्यती सोडल्या, गॅरेज टाकलं, लग्न केलं, बरा संसार केला. मला त्यानं कधी दोष दिला नाही. दोष न देणाऱ्या माणसासमोर वागणं अवघड असतं. त्याला विचारताही येत नाही की, बाबा, किती राग आहे?

मी माझ्यापुरता एक उपाय काढला. मी मोजून बोलू लागलो. आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, नळी किती वर्षं टिकेल, तर मी म्हणतो, पाण्यावर आहे. माझा मुलगा दहावीला शाळेत दुसरा आला. त्यानं निकाल माझ्या हातात ठेवला, आणि मी म्हणालो, "गुण बरे आहेत." त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्याच्या आईनं पेढे आणले, शेजारी आले, मी त्या दिवशी दुकान उघडून बसलो. कौतुक जास्त झालं तर पोर त्या कौतुकाला शोधत फिरेल, अशी भीती मला. गोकुळला मी चढवून सांगितलं, आणि स्वतःच्या पोराला उतरवून. खरं माप मला दोन्ही वेळा सापडलं नाही.

तरी भरताच्या दिवशी मी गोकुळचंच नाव घेतो. ते प्रायश्चित्त आहे की जुनी खोड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा मात्र वाद रंगात आला असताना बांधावर गाडी थांबली. गाडी चालवत होती गोकुळची मुलगी जयू, आणि मागे गोकुळ. एवढ्या वर्षांत तो कधी भरताला आला नव्हता. जयू उतरली, तिनं वडिलांचा हात धरला आणि नांगरटीतून त्यांना आमच्यापर्यंत आणलं. शुगरनं त्याचे डोळे नेल्याचं ऐकलं होतं, पण किती ते मला तेव्हा कळलं. त्याला कडेकडेचं दिसतं. मधोमध काळा डाग. आपण त्याच्यासमोर बसलो की तो आपल्या कानाकडे बघून बोलतो.

"काय चालू शे?" त्यानं विचारलं.

"तुझीच आरती," मुकुंदा म्हणाला. "हा म्हणतोय जगात तूच मोठा."

"याले सांगा, मी मेल्यावर म्हणजो." सगळे हसले. गोकुळ खाली बसला, जयूनं त्याच्यासमोर केळीचं पान सारखं केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याच्या हाताखाली ठेवली. त्यानं एक घास खाल्ला आणि वसंताला म्हणाला, "मीठ कमी शे."

"डोळे गेले पण जीभ नाही गेली लेका तुझी," वसंता म्हणाला.

जेवण झाल्यावर गोकुळनं येण्याचं कारण सांगितलं. जयू गाडी पळवते. गॅरेजमध्येच वाढलेली, आलेल्या प्रत्येक गाडीवर हात साफ केलेला. धुळ्यातच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याला मातीवरची रेस शिकवणारं एक केंद्र आहे. तिथं वर्षभर राहायचं, डिप्लोमा तेवढा काळ सोडायचा. जयूला जायचं होतं. गोकुळनं होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

"माले दिखस नई," तो म्हणाला. "मनी पोर गाडी कशी चालावस ते माले माहीत नई. जो तो म्हणतो भारी. गॅरेजवाले म्हणतात भारी, तिची मैत्रीण म्हणते भारी. पुढच्या आठवड्यात लळिंगच्या अंगाला शर्यत शे. तू ये. पाह्य. आणि माले खरं सांग."

मी म्हणालो, "मी? या मुकुंदाला विचार. तो रोज बघतो."

"तो मोबाइलमा पाह्यतो. तू धुळीमा पाह्यतो."

तो टोमणा होता की विश्वास, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, कारण तो माझ्या कानाकडे बघत होता. जयू थोडी दूर उभी राहून बडजी घासत होती. ती ऐकत होती, हे तिच्या घासण्यावरून कळत होतं.

त्या आठवड्यात दुकानात बसून मी आमच्या जुन्या वादाचा बराच विचार केला. डांबरावरचा मोठा ठरवता येतो. रस्ता तोच, घड्याळ तेच. मातीवर तसं नाही. पहिल्याला मिळालेलं वळण शेवटच्याला मिळत नाही. तोवर पुढच्या चाकांनी ते खणलेलं असतं. वाळवंटातल्याला चिखल माहीत नाही, चिखलातल्याला वाळवंट. मग आम्ही इतकी वर्षं कशाचं माप काढत होतो? मला वाटतं, आम्ही तिघं आपापलं सांगत होतो. मुकुंदा रोज एकाच कंट्रोल रूममध्ये बसतो, त्याला हवेत गेलेला माणूस मोठा वाटतो. वसंताचं घर चौदा माणसांचं, त्याला एकटा जाणारा. आणि मला हवा होता असा कुणीतरी, ज्याला मी मोठा केला नव्हता, जो होताच मोठा. म्हणजे मग माझ्यावर काही येत नव्हतं.

लळिंग किल्ल्याखालच्या माळावर थंड वारा होता. आता केळीचे खांब नसतात. टायर पांढरे रंगवून रचलेले. आयोजक पोरांनी मला ओळखलं नाही, पण गोकुळनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं, हातात माइक दिला. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गोकुळ. वरून सगळा ट्रॅक दिसत होता, पलीकडचं बाभळीजवळचं वळणसुद्धा. पाणी नीट मारलेलं. धूळ नव्हती. मला लपायला जागा नव्हती.

पहिल्या दोन शर्यतींना मी दिसलं तेवढं बोललो. निळा शर्ट पुढे. लाल गाडी बंद पडली. खालून आवाज आला, "काका, जरा मसाला टाका! बातम्या देऊ राह्यले का?" लोक हसले. गोकुळही हसला.

मग नवशिक्यांची शर्यत. त्यात मुलंच सगळी, आणि एक जयू. झेंडा पडला. ती चांगली निघाली, तिसरी. मी म्हणालो, "जयश्री तिसऱ्या नंबरवर." आणि मी पाहिलं की तिनं मान वर केली.

क्षणभरच. मला वाटलं, योगायोग असेल. पुढच्या चढाला मी पुन्हा नाव घेतलं. तिची मान पुन्हा ट्रॉलीकडे वळली. हेल्मेटची काच चमकली म्हणून कळलं. त्या एवढ्याशा वळण्यात मागचा पोरगा तिच्या बाजूनं निघून गेला.

ती ऐकत होती. मी काय सांगतोय ते तिला हवं होतं. गोकुळही असाच ऐकायचा का? त्या हिवाळ्यात त्याची मान वर होत होती का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्वतःचंच ऐकत होतो.

मी माइकचं बटण बंद केलं आणि तो फळीवर ठेवला.

"काय व्हयनं?" गोकुळ म्हणाला. "बंद का पडना?"

"माझा आवाज आला की ती इकडे बघते."

खाली लोक ओरडत होते, माइक चालू करा, माइक चालू करा. आयोजकांतला एक जण ट्रॉलीशी येऊन हातवारे करू लागला. मी त्याला माइक देऊन टाकला, पण त्याला बोलायला काही सुचेना, म्हणून त्यानं गाणं लावलं.

"मंग माले एकल्यालेच सांग," गोकुळ म्हणाला, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी त्याच्या कानाशी वाकलो. सांगू लागलो. चढावर ती चांगली आहे, गाडीवर उभी राहते, गुडघ्यात धक्का घेते, तुझ्यासारखी. सरळ भागात गॅस सोडत नाही. आता बाभळीच्या वळणावर आली. ब्रेक दाबला. फार आधी दाबला. बाकीचे टायरजवळ येऊन दाबतात, ही खूप अलीकडे. मागून एक गेला. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिथं जवळ आली की तिचे खांदे वर येतात, अंग आखडतं. तिसऱ्यांदा ती तिथं आली, आधीच दाबला, पुढचं चाक खणलेल्या मातीत आडवं झालं, आणि ती पडली.

गोकुळनं माझा दंड धरला. "उठनी का?"

त्या क्षणी माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. मागच्याचा धक्का लागला. किती सोपं होतं. मागचा खरोखरच जवळ होता. कुणाला कळणार होतं? बापाला बरं वाटलं असतं, पोरीचा दोष गेला असता, आणि ते खोटं चांगलं निघालं असतं, जसं माझं नेहमी निघायचं.

"कुणी धडकलं नाही," मी म्हणालो. "आपलीच पडली. उठली. पाय ठीक दिसतोय. गाडी उचलतेय. किक मारली. लागली नाही. पुन्हा मारतेय. लागली. निघाली."

दंडावरचा हात सैल झाला, पण त्यानं काढून घेतला नाही. ती शेवटून दुसरी आली. तेही मी सांगितलं.

"शेवटून दुसरी," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी आलं. मला ते आधी समजलं नाही. मग कळलं की असं वाईट मी याआधी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

जयू हेल्मेट काखेत घेऊन ट्रॉलीपाशी आली. कोपरापर्यंत चिखल, ओठाला माती. तिनं कुणाकडे न बघता विचारलं, "पप्पा, सांगितलं काकांनी?"

"सांगी राह्यना. आते तूच ऐक." गोकुळ माझ्या कानाकडे वळला. "बोल. धाडू का नको?"

माणसाला आयुष्यात दोन-चारदाच असं विचारलं जातं, आणि बहुतेक वेळा त्याची तयारी नसते. मी म्हणालो, "यंदा नको. हात चांगला आहे, पाय चांगले आहेत. पण वळण यायच्या आधीच ती घाबरते, आणि घाबरली की ब्रेक दाबते. तिथं पुण्याला सगळे उशिरा दाबणारे असतील. ती रोज मागं पडेल. मागं पडता पडता..." मी थांबलो. पुढचं गोकुळला सांगायची गरज नव्हती.

जयूचे डोळे भरले. ती खाली बघत राहिली. मला वाटलं, आता हिचा डिप्लोमा वाचला आणि हिचं दुसरं काहीतरी गेलं, आणि ते मी केलं. खरं बोलल्यानं मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मी चुकलोही असेन. कदाचित तिथं जाऊनच ती शिकली असती. हे मला आजही ठाऊक नाही.

मग तिनं नाक पुसलं, चिखलाच्याच हातानं, आणि विचारलं, "काका, किती आधी दाबते?"

"चल, दाखवतो."

शर्यती संपल्या होत्या. लोक गाड्या काढत होते, पोरं टायर ट्रॉलीत फेकत होती. आम्ही तिघं ट्रॅकवरून चालत निघालो, गोकुळचा हात माझ्या खांद्यावर. चढ चढताना तो पायानं माती चाचपत होता. बाभळीपाशी आलो. मी म्हणालो, इथून. गोकुळ वाकला, उकिडवा बसला आणि बोटांनी जमीन शोधू लागला. चाकांचे माग एकमेकांत गुंतलेले होते. त्याची बोटं त्यातून हळूहळू फिरत होती, जसा कुणी झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा. एका जागी माती दाबून घासली गेली होती. तिथं त्याची बोटं थांबली.

"हाई हिनं शे," तो म्हणाला. मग त्यानं तसाच पुढे हात टाकत टायरच्या दिशेनं चाचपलं, आणि बऱ्याच पुढे, बाकीच्यांच्या खुणा लागल्या तिथं, हात ठेवला. "आणि हाई बाकीच्यांस्नं. एवढं अंतर?"

जयू वडिलांच्या दोन्ही हातांमधल्या जागेकडे बघत होती. एक हात बाकीच्यांच्या खुणेवर, दुसरा मागे तिच्या खुणेकडे ताणलेला. बाप जमिनीवर असा आडवा पसरल्यासारखा झाला होता, आणि तरीही दोन्हीकडे पोहोचत नव्हता.

"अजून एकदा जाऊ?" ती म्हणाली.

आयोजक ओरडले असते, पण ते ट्रॉली भरण्यात होते. ती पळत गाडीकडे गेली. आम्ही बाभळीखाली सरकून उभे राहिलो. सूर्य लळिंगच्या मागे उतरत होता, उन्हात आता ऊब नव्हती. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. चढावर ती दिसली, उभी, गुडघ्यात वाकलेली. मग सरळ भागात आली, गॅस वाढत गेला. गोकुळला आवाज ऐकू येत होताच. तरी त्यानं माझं मनगट धरलं.

"सांग ना भो."

मी फक्त जे दिसत होतं ते सांगत होतो. "येतेय. खुणेजवळ आली. खांदे वर आले. नाही, खाली घेतले. खूण गेली. दाबला नाही. अजून नाही, गोकुळ. अजून नाही."